पायातलं हिरवं

सीटी स्कॅन सेंटरमध्ये काम करणाऱ्या माणसाला किस्से गोळा करत फिरावं लागत नाही. ते आपोआप साचतात, सांध्यात युरिक ॲसिड साचतं तसे. वर्षभर पत्ता लागत नाही आणि मग एक दिवस असे ठणकायला लागतात की कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. आज तुम्ही सापडलात!

मी बालाजी. गाव मुखेडजवळचं, शिक्षण लातूरचं, नोकरी नांदेडची. आमची टोळी चौघांची. मॅडम म्हणजे रेडिओलॉजिस्ट, फोटो बघून रिपोर्ट लिहिणाऱ्या. सलीमभाई सीनियर टेक्निशियन, एक्स-रेच्या फिल्म धुऊन दोरीवर वाळत घालायचे त्या जमान्यापासूनचे. काउंटरवर रेखाताई. आणि चौथा मी, ज्याच्यावर सगळे ओरडतात.

मॅडम मूळच्या लातूरच्या. तिथल्या क्लासेसमध्ये घासूनपुसून डॉक्टर झालेल्या. लातूर पॅटर्न त्यांच्या इतका अंगात मुरलाय की पेशंटलाही चार पर्याय देऊनच विचारतात. "दुखणं सकाळी जास्त, दुपारी जास्त, दिवसभर सारखं, की यांपैकी नाही?" एका म्हाताऱ्याने शांतपणे सांगितलं, "बाई, समदेच बरोबर हायेत."

आता मशीनबद्दल दोन शब्द. आमच्याकडे ड्युअल एनर्जी सीटी आलं. साधं सीटी एकाच ताकदीच्या किरणांनी फोटो काढतं, हे दोन वेगवेगळ्या ताकदींनी काढतं आणि दोन्ही ताडून कुठे काय पदार्थ आहे ते रंगवून दाखवतं. गाऊट, म्हणजे युरिक ॲसिड वाढून सांध्यात खडे बसतात तो आजार. स्क्रीनवर हाड निळं दिसतं आणि हे खडे हिरवेगार. बस्स, एवढ्या हिरव्या रंगाने आमचा जो काही जीव खाल्लाय!

* * *

पहिल्याच आठवड्यात लोहा भागातले एक आजोबा आले. अंगठा टम्म सुजलेला. स्कॅन झाला आणि मी स्क्रीन बघून उडालोच. अंगठा हिरवा, टाच हिरवी, दहाच्या दहा नखं हिरवी! मी धावत मॅडमकडे. "मॅडम, असा पेशंट पुन्हा मिळायचा नाही! पूर्ण पाय भरलाय!"

मॅडम आल्या, त्यांनी स्क्रीन पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "बालाजी, टाचेला काय आहे? गाऊट, फ्रॅक्चर, गाठ, की यांपैकी नाही?"

यांपैकी नाही! जाड नखं आणि टाचेची राठ कातडी या मशीनला फसवतात, उगाच हिरवी दिसतात. खरा खडा फक्त अंगठ्याच्या सांध्यात होता. हे मला कोर्सला शिकवलं होतं, पण त्या तासाला मी कुठे होतो ते विचारू नका.

मी आजोबांना समजावलं, "अंगठ्यात आजार आहे. टाचेत काही नाही, नुसत्या भेगा आहेत."

आजोबा म्हणाले, "भेगा हायेत ते मला जलमापासून ठावं हाय. तेवढ्यासाठी यवढं मोठं मशीन कामून आनलाव?"

* * *

त्याच सुमारास गावाकडून काकूचा फोन आला. शेवंताकाकू, माझी सख्खी चुलती. काका दारूपायी गेले, त्याला आता बारा वर्षं झाली. तेव्हापासून काकूने एकच ध्यास घेतलाय, गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायचं. दोन वर्षं दारोदार फिरून तिने बायकांच्या सह्या जमवल्या आणि शेवटी आडवी बाटली-उभी बाटलीचं मतदान लागलं. गावातल्या बायकांनी मत द्यायचं. आडवी बाटली जिंकली की दुकानाला कुलूप.

आणि नेमका तेव्हाच काकूच्या पायाचा अंगठा सुजला.

मुखेडच्या डॉक्टरांनी युरिक ॲसिडचा संशय सांगितला. ते दुकानवाल्या गंगाधरच्या कानावर गेलं. त्याने दुसऱ्या दिवशी पारावर जाहीर केलं, "युरिक ॲसिड म्हंजे पिनाऱ्याचा आजार! काकू आमाला बंद करा म्हनते आन् घरात बसून आपन पिते!"

काकू फोनवर मला म्हणाली, "बालाजी, दुखन्याचं मला काय न्हाई रे. पन बाया माझ्या तोंडाकडं बघून राहिल्यात. तुज्या मशीनवर बघ, काय हाय ते हाय."

मला इतका संताप आला होता की मी तिथल्या तिथे सुट्टी टाकून गावी जायला निघालो होतो. सलीमभाईंनी शर्ट धरून बसवलं. म्हणाले, "तू जाऊन काय करनार? मार खानार. काकूला बुलाव इकडं."

* * *

काकू येईपर्यंत आमच्या शहरातल्या हाडांच्या एका मोठ्या सरांचा किस्सा ऐका. सरांचा या मशीनवर काडीचा विश्वास नाही. गाऊट ओळखायचा तर सांध्यात सुई घालून पाणी काढायचं आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं, हा त्यांचा बाणा. तसं त्यांचं चूक नाही, तीच मुख्य तपासणी. पण आमच्या रंगीत फोटोंना ते भर मीटिंगमध्ये रंगपंचमी म्हणायचे. "मॅडमकडे रंगपंचमी खेळून या आणि मग माझ्याकडे सुई टोचून घ्या!"

एका सोमवारी सर स्वतःच आले. एका पायात बूट, दुसऱ्या पायात स्लीपर! अंगठा लालबुंद. रेखाताईंनी स्ट्रेचरवर बसवलं, तर चादरीचं टोक पायाला लागलं तरी ओरडत होते.

मॅडमनी अतिशय प्रेमाने विचारलं, "सर, सुई आणू का?"

सरांनी सुईचं नाव ऐकून अंगठ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "रंगपंचमीचा नंबर कधी लागेल?"

* * *

पायाचा स्कॅन म्हटलं की बायांची जोडवी आडवी येतात. चांदी असली तरी धातूच तो. फोटोत नुसत्या चमकत्या रेघा उठतात आणि बोट दिसतच नाही. म्हणून जोडवी काढा म्हणायचं. हे मी आता सरळ रेखाताईंवर सोपवलंय, कारण पहिल्यांदा मी सांगितलं तेव्हा देगलूरकडच्या एका मावशींनी मला चपलेने मारायचं तेवढं बाकी ठेवलं. "मालक बाहेर जितेजागते बसलेत आन् जोडवी काढ म्हनतोस?"

रेखाताईंनी तोड काढली. जोडव्याच्या जागी हळकुंडाचा दोरा बांधायचा, स्कॅन झाला की जोडवी परत. मावशी तयार झाल्या, पण एका अटीवर. स्कॅन होईपर्यंत मालकांना काही होत नाही ना, याची खात्री द्यायची!

मग मालकांना आमच्या काचेच्या खोलीत माझ्याशेजारी बसवलं. मावशी आत टेबलावर. दर मिनिटाला आतून आवाज, "हायेत का?" मी माइकवर सांगायचो, "आहेत मावशी, मजेत आहेत! पाय हलवू नका!" पुन्हा, "चेहरा कसा हाय?" "टवटवीत आहे!" तीनदा पाय हलला, तीनदा स्कॅन थांबवला. मग मालकांनीच माइक घेतला आणि स्कॅन संपेस्तोवर रामराम रामराम म्हणत राहिले.

शेवटी मावशी बाहेर आल्या, जोडवी घातली, मालकांकडे एक नजर टाकली आणि पिशवी उचलून पुढे चालू लागल्या. मालक मागे रेंगाळले. डोळ्यांत पाणी. मला म्हणाले, "पोरा, पस्तीस वर्सांत पहिल्यांदा माझी यवढी चौकशी झाली. आनखी एखादा स्कॅन हाय का?"

* * *

काकू आली ती एकटी आली नाही. सोबत गंगाधरचा मेव्हणा आणि गावचे रिटायर पोस्टमन. मी तिला बाजूला घेऊन कुजबुजलो, "ह्यांना कशाला आणलं?"

"साक्षीला. न्हाईतर म्हनतील, पुतन्यानं फोटो बदलला."

मी म्हणालो, "काकू, तीन आठवड्यांवर मतदान आलंय. स्कॅन नंतर करू. उगाच हिरवं निघालं तर?"

"निघालं तर निघालं. पाय माझा हाय, गंगाधरचा न्हाई."

स्कॅन सुरू झाला. मी आजवर हजारो पाय पाहिलेत, पण त्या दिवशी बटण दाबण्याआधी मी डोळे मिटले. देवा, एवढा एक पाय निळा दाखव. खरं सांगतो, दुखणं दुसरं काहीही निघो, पण हिरवं नको, एवढंच मागत होतो.

अंगठ्याच्या सांध्यावर हरभऱ्याएवढा हिरवा डाग. घोट्यापाशी आणखी एक.

मेव्हणा काचेला नाक लावून बसलाच होता. "निघालं! हिरवं निघालं! दारू निघाली!"

सलीमभाई म्हणाले, "भाऊ, दारू नाही ती. युरिक ॲसिड है."

मेव्हण्याने वकिलासारखं बोट वर केलं. "मॅडम, खरं सांगा. दारूनं हे व्हतं का न्हाई?"

मॅडम खोटं बोलत नाहीत, हीच पंचाईत आहे. म्हणाल्या, "होऊ शकतं. पण काकूंना बीपीची जी गोळी आहे ना, लघवी जास्त करणारी, तिच्यानेही होतं. वयाने होतं, किडनीने होतं. मशीन खडा दाखवतं. तो कशाने आला ते दाखवत नाही."

"म्हंजे दारूनं बी व्हतं!" एवढंच घेऊन तो निघाला. जाताना स्क्रीनचा फोटो काढला. फोटो काढायला बंदी आहे, रेखाताई ओरडल्या, तोवर तो जिन्यात. संध्याकाळी गावच्या ग्रुपवर काकूचा पाय आणि खाली मजकूर, "आडव्या बाटलीचा हिरवा पाय."

मला रडू आलं. काकूला म्हणालो, "माझ्याच मशीनने तुझा घात केला."

काकू जोर लावून चप्पल घालत होती, ती अंगठ्यात अडकत होती. म्हणाली, "मशीननं खरं तेच सांगितलं ना? झालं तर. रिपोर्ट बघून डाक्टर औषद लिवतील, तेवढं घेऊन दे. मला अजून दोनशे घरं फिरायचीत."

* * *

त्याच दिवसांत एक पुढारी आले. नाव कशाला घेऊ, सगळे भाऊ म्हणतात. कपाळावर मोठा टिळा, गळ्यात भगवं उपरणं, सोबत आठ-दहा कार्यकर्ते. लग्नसराईच्या पंगती करून करून अंगठा धरला होता. स्कॅन झाला. भाऊंनी स्क्रीन पाहिली आणि तिच्यावर बोट रोखलं.

"हे काय आहे?"

"युरिक ॲसिड, भाऊ."

"ते दिसतंय. हिरवं का आहे?"

एक कार्यकर्ता सलीमभाईंकडे बघून म्हणाला, "ह्यांनी मुद्दाम केलं, भाऊ!"

सलीमभाईंच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. "भाऊ, रंग कंपनीचा है. आपल्याला पाहिजे तो करता येतो. भगवा करू?"

भाऊ खूश. सलीमभाईंनी दोनदा क्लिक केलं आणि भाऊंचा पाय भगवा झाला. कार्यकर्त्यांनी मोबाइल काढले.

सलीमभाई अदबीने म्हणाले, "आता डॉक्टर गोळ्या देतील. सहा महिने न चुकता खायच्या. भगवा पूर्ण गेला पाहिजे, एक ठिपका राहता कामा नये."

भाऊंनी कार्यकर्त्यांकडे पाहिलं. सलीमभाईंकडे पाहिलं. मग हसू दाबत म्हणाले, "सलीमभाई, गुलाबी आहे का?"

सेंटरच्या इतिहासातला तो एकमेव गुलाबी रिपोर्ट!

* * *

आता काकूचं. मतदान झालं, बाटली आडवी झाली, दुकानाला कुलूप लागलं, हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. माझं सांगणं आहे ते मतदानाच्या आधीच्या मंगळवारचं.

काकू त्या दिवशी हाडांच्या सरांना पाय दाखवून आमच्याकडे आली होती. सूज उतरली होती. रेखाताईंच्या समोरच्या बाकावर पाय लांब करून, डब्यातली धपाटी खात बसली होती. चेहरा मात्र उतरलेला. सांगत होती, "बाया दार उघडतेत, च्या पाजतेत, पन मताचं काढलं की पायाकडं बघतेत. फोटोच दिसलाय ना समद्यांला."

तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला. आमच्याच गावचा! मला वाटलं अपघात झाला. बघतो तर आतून बाया उतरायला लागल्या. एक, दोन, तीन, सात! आणि प्रत्येकीच्या हातात आपापल्या नवऱ्याचं मनगट. एक तर नवऱ्याला शर्टाच्या कॉलरला धरून आणत होती.

सगळ्यात पुढे दुकानवाल्या गंगाधरची बायको, मीरा. तिच्या मागे गंगाधर. एका पायाने लंगडत!

मीराने काउंटरवर हात आपटला. "पाय बघायचं मशीन हेच का?"

रेखाताई म्हणाल्या, "हो, पण डॉक्टरांची चिठ्ठी..."

"चिठ्ठी नको. समद्यांचे पाय बघा. जे पीत न्हाई म्हनतेत त्यांचे आधी बघा. कोन हिरवं निघतंय ते कळू द्या. मशीनवर दारू दिसती, हे माझ्या मालकानंच समद्या गावाला सांगितलंय!"

मागून दुसरी म्हणाली, "माझा म्हनतो, सहा महिन्यांत थेंब घेतला न्हाई. आता कळंलच!" तिचा नवरा हळूहळू टेम्पोकडे सरकायला लागला. तिने न बघताच मागे हात घालून त्याला पकडलं.

सगळा गोंधळ ऐकून मॅडम बाहेर आल्या. "असा कुणाचाही स्कॅन करता येत नाही. आणि मशीन दारू दाखवत नाही. मी आधीच सांगितलं होतं."

मीरा ऐकेना. "मग काकूचा दावला तवा दारू कशी काय दिसली? ह्यांचा अंगठा आठ दिवसापासून सुजलाय. मला म्हनतेत ठेच लागली! बारा वर्सं झाली, मला म्हनतेत, मी इकतो पन पीत न्हाई!"

गंगाधरच्या कपाळावर घाम. "आगं ठेचच लागली! देवाशपथ!"

"मग दाव पाय!"

त्याने पाय मागे घेतला. मीराने पुढे ओढला. त्याने पुन्हा मागे घेतला. सातही बाया त्या पायाकडे बघून राहिल्या. बाकीचे सहा नवरे छताकडे. मी आणि सलीमभाई दारात उभे, एकमेकांकडे बघायची हिंमत नव्हती, बघितलं असतं तर हसून खाली पडलो असतो.

"मॅडम, तुमी सांगा हिला!" गंगाधर कळवळला. "न पिताबी व्हतं ना हे?"

मॅडम म्हणाल्या, "होतं ना. त्या दिवशी तुमच्या मेव्हण्यासमोर तेच सांगत होते. पण त्यांना ऐकायचं नव्हतं."

मीरा म्हणाली, "मॅडम शिकलेल्या हायेत, त्या तुमच्या बाजूनं बोलतील. गावातलं कोन सांगतंय का, न पिता व्हतं म्हनून?"

आणि मग गंगाधरला बाकावर बसलेली काकू दिसली.

तो लंगडत लंगडत तिच्यापाशी गेला. सगळ्यांदेखत, ज्या तोंडाने पारावर बोलला होता त्याच तोंडाने, हात जोडून म्हणाला, "काकू, तुमी तरी सांगा हिला! तुमी कवा थेंबाला शिवला न्हाईत, समद्या गावाला ठावं हाय, मला बी ठावं हाय! तरी तुमच्या पायात हिरवं निघालं का न्हाई? सांगा ना, न पिताबी व्हतं म्हनून!"

काकूने धपाट्याचा राहिलेला तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला, पदराला हात पुसले आणि म्हणाली,

"मला काय ठावं, बाबा? मी तर पिते म्हनं!"